अकरावं पिल्लू

एंग्रासियाबाई दिवसाला चाळीस ताव रंगवायच्या. बाकीच्या बायका तीस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक त्यांना कामचुकार समजतात.

ताव म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव. चित्रकार कागदावर कोंबडी काढून द्यायचा. बाई तो कागद खाली ठेवून वरच्या तावावर शाईनं रेघा उतरवायच्या, मग ताव उलटा करून मागून रंग भरायच्या. असे बारा ताव म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. मी माळ्यावर कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचो. ताव ठेवायचा, काच दाबायची, दांडा दोनदा फिरवायचा, काच उचलायची, ताव काढायचा. सोळा वर्षं एवढंच केलं. माझा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.

कारखाना वालेन्सियातल्या रुसाफा भागात, तांदळाच्या वखारीच्या वर होता. साल १९४६. मालक बाउतिस्ता पूर्वी संत होसेच्या सणासाठी लाकडा-पुठ्ठ्याचे पुतळे करायचे. वर्षभर खपायचं, चार दिवस चौकात उभे करायचे आणि सणाला जाळून टाकायचे. त्यामुळे केलेलं काम नाहीसं होण्याचं त्यांना काहीच वाटत नसे. आमच्याकडेही रीत तीच होती. कॅमेऱ्याखालून गेलेला ताव थेट सोड्याच्या टाकीत. रंग धुवायचा, ताव वाळवायचा, त्यावर दुसरं चित्र. युद्धानंतर नवे ताव पैसे देऊनही मिळत नव्हते.

बाई आधी हातपंखे रंगवायच्या. पाच फटकाऱ्यांत गुलाब. सहावा फटकारा गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून त्यांनी तो आयुष्यात कधी मारला नाही. वय पंचेचाळीस. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि अंगावर आठ वर्षं काळा झगा होता. काळ्यावर रंगाचे डाग पटकन दिसतात. त्यांच्या झग्यावर मी एकही पाहिला नाही.

त्या वर्षी मालकांनी मोठा विनोदी चित्रपट काढायला घेतला. एक कोंबडी आपली अकरा पिल्लं घेऊन शहर बघायला निघते, एवढीच गोष्ट. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मालक, पाच पिल्लं पुरे. पाचाच्या पुढे कोणी मोजत नाही."

"बाई, फुटबॉलचा संघ अकराचा असतो," मालक म्हणाले.

"ती कोंबडी आहे. तिला गोलकीपर कशाला लागतो?"

मालक फुटबॉलवेडे होते. पिल्लं अकराच राहिली.

चित्रपटाच्या शेवटाकडे कोंबडी आणि एक बदक तळ्याकाठी नाचतात आणि पिल्लं भोवती फेर धरतात. बावन्न सेकंदांचा नाच. सहाशे चोवीस ताव. तो सगळा बाईंनी एकटीनं केला, कारण नाचणाऱ्या कोंबडीचा भार कुठल्या पायावर आहे ते दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. दिवसाला सहाच ताव व्हायचे. एकशे चार दिवस लागले.

काम संपल्यावर त्या माळ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "कॅमेरेवाल्या, तू मोजणार, म्हणून सांगते. नाचात दहाच पिल्लं आहेत. बदकाच्या शेपटीमागचं अकरावं मी उतरवलंच नाही. एका पिल्लाला दोन मिनिटं. वीस तास अठ्ठेचाळीस मिनिटं वाचली."

वाचलेल्या वेळाचं काय केलं, असं मी विचारलं.

"उरलेली दहा नीट केली."

वीज आठवड्यातून तीनच दिवस यायची, म्हणून सोपी दृश्यं आधी उरकली होती. शेवटी कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन निजते, तेही घेऊन झालं होतं. त्याचे ताव केव्हाच धुतले होते. फक्त नाच राहिला होता. त्याचे चार गठ्ठे मधे पातळ कागद घालून बाईंच्या कपाटात पडून होते. तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. पोटाच्या चूर्णाची जाहिरात मिळाली आणि तिला सहाशे ताव हवे होते. आणि तोपर्यंतचा चित्रपट तपासायला, परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाकडून, पाद्री एमेतेरिओ येणार असल्याचं पत्र आलं.

पाद्रीबाबा वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं त्यांनी चर्चमधली जन्म, लग्न आणि मृत्यूची वही सांभाळली होती. मोजणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. जिने चढून आले आणि म्हणाले, एकोणचाळीस पायऱ्या आहेत. बरोबर होतं.

चादरीवर चित्रपट दाखवला. कोंबडी ट्रामखाली येता येता वाचली तेव्हा आम्ही सगळे हसलो. पाद्रीबाबा हसले नाहीत. दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "कोंबडा कुठे आहे?"

कोंबडा कोणाला सुचलाच नव्हता. पाद्रीबाबांचं म्हणणं होतं की अकरा लेकरं आणि बाप कुठेच नाही, असलं चित्र मुलांना दाखवता येणार नाही. मालक लगेच म्हणाले, कोंबडा घालू. घालू म्हणजे नऊ हजार ताव, तेही धुऊन गेलेले, पुन्हा पहिल्यापासून. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

दिवे लागताच चित्रपटाच्या नावाच्या पाटीचा ताव रंगवायला बसलेल्या एंग्रासियाबाईंनी कुंचला खाली ठेवला नाही. "ती विधवा आहे, पाद्रीबाबा," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला निवेदकानं एक वाक्य बोललं की झालं."

एका वाक्याला ताव लागत नाही. मालकांचा चेहरा उजळला. पण पाद्रीबाबांनी विचारलं, विधवा आहे तर अंगावर काळं कुठे आहे?

चित्रपटात रंग नव्हते, त्यामुळे आम्ही नऊ प्रकारचे करडेच वापरायचो. बरण्यांवर आकडे टाकलेले होते. कोंबडी पाच नंबरच्या करड्यात होती. बाई म्हणाल्या, "करडी आहे ना? म्हणजे सुतकाचं पहिलं वर्ष संपलं. दुसऱ्या वर्षी करडं चालतं."

हा नियम आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतो. पाद्रीबाबांनी मान डोलावली. मग ती डोलायची थांबली. त्यांनी बोटं मोजायला घेतली.

"नवरा जाऊन वर्ष उलटलं," ते म्हणाले. "पिल्लं किती दिवसांची?"

चित्रकार भाबडा होता. त्यानं खरं ते सांगितलं, आठ दिवसांची.

मघापर्यंत ती नुसती कोंबडी होती. आता तिच्या चारित्र्याचा प्रश्न उभा राहिला होता, आणि तो आमच्यातल्या सर्वांत अब्रूदार बाईनं उभा केला होता. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. पण हात चालू होता. तो ताव पुरा केला, वाळत ठेवला आणि मग त्या बोलल्या.

"अंडी तिची नाहीत. शेजारणीची आहेत. हिनं नुसती उबवली."

"आणि शेजारीण?"

"रविवारच्या भातात गेली."

वालेन्सियात रविवारी कोंबडीचा भात न खाणारा माणूस नाही. पाद्रीबाबांनी खाली बघितलं. मग म्हणाले, म्हणजे अनाथांचा सांभाळ. हे फार चांगलं आहे. हे निवेदकाला नीट सांगायला सांगा. मालकांनी लिहून घेतलं. इथपर्यंत एकही ताव वाया गेला नव्हता.

मग मालकांनी, उगाच, पुढे काय आहे ते सांगितलं. बदक. तळं. नाच.

पाद्रीबाबा उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. विधवा बाई, सुतक पुरतं फिटलेलं नाही, पदरी अकरा अनाथ, आणि ही परक्या बदकाबरोबर नाचते? नाच काढून टाका. बाकी सगळं मंजूर.

मालकांनी अर्धा क्षण विचार केला. "काढला," ते म्हणाले. "नाहीतरी चूर्णवाल्यांना ताव हवेच आहेत." त्यांनी बाईंचं कपाट उघडलं, पहिला गठ्ठा उचलला आणि टाकीकडे निघाले. मनात राग नाही, दुःख नाही. पुतळे जाळणारा माणूस.

टाकी सात पावलांवर होती. पाचव्या पावलाला बाई आडव्या आल्या.

"मालक, खाली ठेवा."

"बाई, एवीतेवी धुवायचेच आहेत."

"लोकांनी बघितल्यावर. आधी नाही. तुम्ही तरी पुतळा चौकात उभा न करता जाळलात का कधी?"

मालक थांबले. बाईंनी गठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला, खिडकीजवळच्या टेबलावर पाद्रीबाबांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, नाही म्हणायचं तर बघून म्हणा. एकशे चार दिवस लागलेत.

पाद्रीबाबा बसले. एक एक ताव उजेडासमोर धरून बघू लागले. कोंबडी डावा पाय उचलते. बदक मान वळवतं. वीसेक ताव झाले असतील, तेव्हा त्यांचं बोट तावावरून फिरायला लागलं.

"दहा," ते म्हणाले. दुसरा ताव घेतला. "दहा." तिसरा. "अकरावं कुठे आहे?"

मालकही मोजायला वाकले. बाई कुंचला पुसत होत्या. उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. कोरडा कुंचला त्या पुसतच राहिल्या. फुकट हालचाल करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"वारलं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"त्याच दिवशी. म्हणून तर नाच आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव डोंगरात होतं. तिथे दुधाचं लेकरू गेलं की रात्री घरात नाच व्हायचा. एवढं लहान मूल सरळ स्वर्गात जातं, त्यात रडायचं काय? आई रडली तर त्याचे पंख भिजतात आणि त्याला उडता येत नाही. म्हणून पहिला फेर आईनं घ्यायचा, बाप्तिस्म्याला मुलाला हातात धरणाऱ्या धर्मपित्याबरोबर. बदक हा धर्मपिता.

पाद्रीबाबांनी हातातला ताव खाली ठेवला. "ती चाल बिशपांनी केव्हाच बंद केली."

"हो. आमच्याकडे पत्र उशिरा आलं."

"तुम्ही पाहिलाय हा नाच?"

"पाहिला नाही," बाई म्हणाल्या. "नाचले."

बाईंना मूल होतं हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. अकरा महिने मी त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता.

पाद्रीबाबांनी उरलेले सगळे ताव बघितले, चारी गठ्ठे. दीड तास लागला. मधे एकदाच बोलले.

"धर्मपिता बदक का?"

"तळ्यावर राहतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याची सोय होते."

त्यांना ते पटलं. नाच मंजूर झाला. मालक भिंतीला टेकून म्हणाले, "मी विनोदी चित्रपट काढत होतो हो."

पुढचे विजेचे तीन दिवस मी नाच कॅमेऱ्याखाली घातला. सहाशे चोवीस ताव, एक हजार दोनशे अठ्ठेचाळीस फेरे. एकही ताव वाकडा लागला नाही. निवेदकानं तिन्ही वाक्यं घातली, विधवेचं, अनाथांचं आणि स्वर्गाचं. त्यानंतर पाद्रीबाबा पूर्ण चित्रपट बघायला आले.

नाच झाला. पाद्रीबाबांनी चष्मा पुसला. मग शेवटचं दृश्य आलं. कोंबडी निजते, पिल्लं एकेक करून पंखाखाली शिरतात. पाचवं पिल्लू शिरलं तेव्हा मला आठवलं. नवव्याला मालकांना आठवलं असावं, कारण त्यांनी माझा दंड धरला. दहावं शिरलं. मग अकरावं आलं, निवांत, जांभई देत, मघाशी वारलेलं.

"अकरा," अंधारातून पाद्रीबाबा म्हणाले.

दिवे लावले. ते दृश्य पुन्हा करायला ताव नव्हते, वीज नव्हती, आणि मालकांकडे उसनं अवसानही उरलं नव्हतं. मी बाईंकडे बघितलं. त्या पाद्रीबाबांकडे बघत होत्या.

"नाचानंतर किती रात्री गेल्या?" पाद्रीबाबांनी विचारलं.

चित्रकारानं एकच रात्र काढली होती. तो तोंड उघडणार, एवढ्यात बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"मोजल्या नाहीत, पाद्रीबाबा. मोजणारे तुम्ही."

पाद्रीबाबांनी रिकाम्या चादरीकडे बघितलं. त्यांना चंद्र एकदाच दिसला होता, म्हणजे रात्र एकच. तो माणूस मोजण्यात चुकत नाही. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "तिसऱ्या दिवशी पिल्लू परत आलं. मुलांना दाखवण्यास योग्य." सही केली. क्रूसावरचा देवही तिसऱ्याच दिवशी उठला होता, तेव्हा हरकत कोण घेणार? जाताना पायऱ्या मोजल्या नाहीत.

चित्रपट नऊ आठवडे चालला. हसायला आलेल्या पोरांना आयांनी थोबाडीत दिल्या. तिसऱ्या आठवड्यापासून पोरं नसायचीच, नुसत्या काळ्या झग्यातल्या बायका यायच्या. डोंगरातल्या गावांहून बस करून आलेल्या. नाच लागला की थिएटरात कोणी खुर्ची वाजवत नसे. अकरावं पिल्लू जांभई देत आलं की मात्र इतका गलका व्हायचा, की मालकांना वाटायचं गोल झाला.

नाचाचे ताव बाईंनी स्वतः धुतले. दोन दिवस, रोज तीनशे बारा. एखादा ठेवून घ्या, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "कशाला? बघितला लोकांनी." आणि तो ताव सोड्यात बुडवला.

तिसऱ्या दिवशी चूर्णाच्या जाहिरातीची चित्रं आली. अपचन झालेला उंट होता. बाईंनी पहिला कागद तावाखाली सरकवला आणि मालकांना विचारलं, वशिंडं किती आहेत.

"दोन."

"एकात भागेल," बाई म्हणाल्या.