गुणाबाईचा छेना

वरोऱ्याच्या शफी मिठाईवाल्याकडे जाणारा छेना आपल्याच गावात, गुणाबाईच्या चुलीवर तयार होतो, हे पोरांना ठाऊक नव्हतं. मुखरू गुरुजींनी वर्गात विचारलं तेव्हा पोरं म्हणाली, रेल्वेनं नागपूरहून येत असेल. तो १९५६ सालचा हिवाळा. गुरुजींनी गुणाबाईलाच शाळेत बोलावून घेतलं.

चार म्हशींवर संसार ओढणारी ही विधवा बाई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. तिनं आवारात तीन दगडांची चूल मांडली, सकाळचं दूध उकळलं आणि त्यात लिंबू पिळलं. बघता बघता दूध फाटलं. पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या, हिरवट पाणी वेगळं. गुठळ्या फडक्यात बांधून तिनं वर जड दगड ठेवला.

"पानी निथळलं का झाला छेना," ती म्हणाली आणि भांडी आवरू लागली.

"पन बाई, दूध फाटते काऊन?" पोरांमधल्या कमळानं विचारलं.

वीस वर्षं दूध फाडणाऱ्या गुणाबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "मले नाई मालूम, माय. लिंबानं फाटते, एवढंच माईत."

"अन् चिंचेनं?"

"कधी केलंच नाई. पाहू न करून."

दुसऱ्या दिवशी पोरांनी घरून चिंच, आंबट ताक, अंबाडीचा पाला, वाळलेली मोहफुलं, हाती लागेल ते आणलं. गुणाबाई वाटी-वाटी दूध उकळून देत होती. चिंचेनं फाटलं, पण तपकिरी झालं. ताकानं फाटलं, अंबाडीच्या रसानंही. मोहफुलांनी नुसतं गोड झालं, ते पोरांनी पिऊन टाकलं.

"आंबट असन तेच फाडते," कमळा म्हणाली. पण आंबटानंच का, ते गुरुजींनाही सांगता आलं नाही.

शनिवारी बैलबंडीतून सगळे वरोऱ्याला गेले. शफीनं गुणाबाईचा छेना मळला, साखर घालून कढईत परतला, थाळीत थापून वड्या पाडल्या. इतकी वर्षं दारातूनच माल देऊन परतणारी गुणाबाई त्या दिवशी पहिल्यांदा भट्टीपाशी उभी राहिली. शेजारच्या परातीत शफीनं स्वतः फाडलेला छेना होता, तो तिनं दाबून पाहिला.

"शफीभाऊ, तुमी सोता फाडता तो छेना माह्यापरीस नरम काऊन असते?"

"फाटल्याबरोबर थंडा पानी टाकतो, बाई. तुमी कधी पूछलंच नाई."

गुणाबाई हसली. दुसऱ्या दिवशी दूध फाटताच तिनं गार पाण्याचा लोटा ओतला आणि बोटांनी छेना दाबून पाहिला. खरंच मऊ होता.

पुढे दर हिवाळ्यात तिची चूल शाळेत पेटू लागली. चुलीवर दूध चढवण्याआधी ती पोरांना विचारायची, "यंदा काय टाकून पाहाचं?"