माहेरी नेलेला चेनचा ट्रॅक्टर

माहेरी जाताना बायका फळं नेतात, फरसाण नेतात, भाचरांना कपडे नेतात. मी एका वर्षी चेनचा ट्रॅक्टर नेला. हे मी येता-जाता सांगते आणि सांगताना माझी मान जरा वर जाते, असं माझा नवरा म्हणतो. जाऊ दे वर. कष्टाने वर गेलेली मान आहे.

चेनचा ट्रॅक्टर म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. त्याला स्टेअरिंग नसतं, दोन दांडे असतात. डावा ओढला की डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. हल्ली तो शेतात दिसत नाही, पण काळ्या जमिनीत कुंद्याचं तण माजलं की एके काळी त्याच्याशिवाय इलाज नव्हता. कुंद्याची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती सापडतच नाहीत. दोंडाईच्याच्या एका शेठकडे असा एक ट्रॅक्टर होता. शेठ तो भाड्याने देत आणि माझे वडील, म्हणजे आबा, त्याचे ड्रायव्हर होते.

पिकं निघाली की आबा जायचे आणि पेरणीच्या तोंडावर परत यायचे. सबंध उन्हाळा ते तापीच्या पलीकडे, शिंदखेड्याच्या बाजूला, कोणाकोणाची शेतं उलथीपालथी करत असायचे. आमचं गाव नदीच्या अलीकडे, चोपडा आणि शिरपूरच्या मधे. तो ट्रॅक्टर नदी ओलांडून आमच्याकडे कधीच आला नाही. शेठला तिकडचंच काम पुरून उरत होतं. त्यामुळे आमच्या गावात आबांना ट्रॅक्टरवर बसलेलं एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं. मीही नाही आणि आमच्या मायनेही नाही.

आबा मात्र सांगायचे. पारावर सांगायचे, लग्नाच्या पंगतीत सांगायचे. बाभळीचं झाड बुंध्यासकट कसं उपटलं, इंजिनाचा आवाज तीन गावांना कसा ऐकू जायचा. ऐकणारे आधी मान हलवायचे, मग एकमेकांकडे बघायचे. पुढे पुढे तर आबा दिसले की कोणीतरी विचारायचंच, "आबा, तुमना रणगाडा कोठे शे?" आबा हसून सोडून द्यायचे. पण घरी आल्यावर ते मायकडे बघायचे, निदान हिने तरी आपली बाजू घ्यावी म्हणून. आणि माय भाकरी थापता थापता म्हणायची, "मी तं काही दखं नही."

ती खोटं बोलत नव्हती. तिने खरंच पाहिलं नव्हतं. तिने पाहिले होते ते नुसते उन्हाळे. विहिरीचं पाणी आटलेलं, दोन लेकरं, एक म्हातारी सासू आणि घरातला पुरुष नदीपलीकडे.

मी आयटीआयला टर्नर झाले. वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि त्याबद्दल आबा गावभर जे सांगत फिरले ते ऐकायला मी तिथे नव्हते हे बरंच झालं. जळगावात पाइपच्या कारखान्यात नोकरी केली, तिथेच लग्न जमलं आणि पुढे नवऱ्याने आणि मी एमआयडीसीत लेथचं, म्हणजे लोखंड कातून भाग बनवायचं, वर्कशॉप टाकलं. डाळमिलचे शाफ्ट, पंपाचे भाग, काय येईल ते करतो. माझ्या हाताला मापाची जाण आहे. हे मी नम्रपणे सांगू शकले असते, पण मग ते खोटं वाटलं असतं.

एकदा दोंडाईच्याच्या गिऱ्हाइकाकडे काम पोचवायला गेले होते. परतताना सहज चौकशी केली तर शेठची जुनी वखार अजून उभी होती आणि वखारीच्या मागे, बाभळींच्या गर्दीत, तो उभा होता. गंजून लाल झालेला, सीटच्या जागी मुंग्यांचं वारूळ, एक पट्टा तुटून जमिनीत रुतलेला. शेठचा नातू म्हणाला, भंगारवाला येणारच आहे. मी तिथल्या तिथे म्हणाले, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठेवायचा कुठे, ते सांग." म्हणजे हो.

आबांना फोन केला. इकडे-तिकडे न बोलता सरळ सांगितलं. ते म्हणाले, "एक डाव आपला दारशी उभा करसू. मंग बस." एकदा आपल्या दारात उभा करेन, मग झालं. गुडघे गेलेले, ऐंशीच्या घरातले आबा. तो कोणीतरी चालवत आणून लावून देईल असं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. स्वतः चालवत आणायचा होता, गावासमोर आणि मायसमोर.

भंगाराच्या भावाने तो विकत घेतला आणि ट्रेलरवरून वर्कशॉपात आणला. त्यानंतर रविवार, सणवार, काहीच राहिलं नाही. इंजिन जाम झालेलं. डिझेल आणि रॉकेल ओतून ओतून ते महिनोन्‌महिने भिजत ठेवलं. पिस्टन हलेना म्हणून मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. या इंजिनाला सुरू करायला शेजारी एक छोटं पेट्रोलचं इंजिन असतं. आधी ते सुरू करायचं, मग ते मोठ्याला उठवतं. ते छोटं तर पार गेलेलं होतं. त्याच्या निम्म्या वस्तू मिळाल्या नाहीत, त्या बनवल्या. पट्ट्यातल्या पिना झिजून चघळलेल्या उसासारख्या झाल्या होत्या. दोन्ही पट्ट्यांतली एकेक पिन मी माझ्या लेथवर काढली, तापवून पाणी देऊन तिला कडक केलं आणि स्वतः ठोकून बसवली. आबा अधूनमधून एसटीने यायचे, वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि बघत राहायचे. एखादी पिन हातात घेऊन बोटांवर फिरवायचे. "ढिली शे," म्हणाले तर मी भांडायचे, मग मोजायचे. कधी ते बरोबर निघायचे, कधी मी. मी बरोबर निघाले की त्यांना जास्त आनंद व्हायचा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

इंजिन पहिल्यांदा लागलं तेव्हा शेजारच्या तीन वर्कशॉपांतली माणसं पळत आली. काळ्या धुराचा लोट पत्र्यापर्यंत गेला आणि जमीन थरथरायला लागली. आबा स्टूलवरून उठले, जवळ गेले आणि तापत चाललेल्या बॉनेटवर त्यांनी पंजा ठेवला. मी रडले. तेलाच्या हाताने डोळे पुसले, त्यामुळे दिवसभर डोळे चुरचुरले. नवरा म्हणाला, चल, आता रंग तरी नीट दे.

माघ महिन्यात तो ट्रेलरवर चढवून आम्ही गावाकडे निघालो. तोवर सगळं ठरल्यासारखं झालं. पण लांबलचक ट्रेलर गावातल्या वळणावर वळणार नव्हता, म्हणून फाट्यावरच उतरवावा लागला. फाट्यापासून आमच्या दारापर्यंत रस्ता डांबरी. आणि तोही नुकताच झालेला, काळाभोर, ज्याच्यासाठी गाव किती खेटे घालत होतं ते सगळ्यांना माहीत. लोखंडी पट्टा त्यावरून गेला असता तर रस्ता सोलून निघाला असता.

सरपंच हात जोडूनच उभे होते. "आबा, रस्ता नवा शे. बठ्ठा उखडी जाई."

त्यांचं खरं होतं. पण आबांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. "केळना खांब टाका," ते म्हणाले. "मऊ ऱ्हातस. रस्ताले ओरखडा येवाव नही."

आमच्याकडे केळीचे खांब म्हणजे फुकटची वस्तू. घड कापला की खांब बांधावर पडलेलेच असतात. पोरं धावली, दोन गाड्या भरून खांब आले, आडवे टाकले आणि आबांना आम्ही चौघांनी धरून सीटवर चढवलं. इंजिन लागलं. गर्दीतून एक "होऽऽ" उठला. आबांनी दांडे धरले, मान ताठ केली आणि तो लोखंडाचा डोंगर खांबांवर चढला. खांब फुटले, पच्चकन पाणी उडालं, पण रस्ता वाचला. मी बाजूने चालत होते आणि मला वाटत होतं की माझ्याएवढं सुखी माणूस सबंध तालुक्यात नसेल.

पुढे ओढ्यावरच्या मोरीपाशी रस्ता जरासा उतरता आहे. केळीशी आमचा सगळा जन्म गेला, तरी खांब चिरडला की त्याचा गर आणि चीक केवढा निसरडा होतो हे त्या उत्साहात एकालाही आठवलं नाही. कापणीला आम्ही स्वतः त्यावरून घसरून पडलेलो आहोत. पट्टे फिरायचे थांबले तरी ट्रॅक्टर थांबेना. तो रस्त्यात आडवा फिरला आणि सावकाश, अगदी सावकाश, कडेच्या पाण्याच्या चारीच्या दिशेने सरकत गेला. आबांनी दांडे ओढले, ब्रेक दाबले. एक पट्टा चारीच्या काठावर अधांतरी राहिला तेव्हा कुठे तो थांबला.

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं, "जेसीबी बलावा. ओढी लई जाऊत."

मी आबांकडे पाहिलं. ते सीटवरून उतरायला बघत होते. एक पाय खाली सोडला होता आणि तो पायरीला पोचत नव्हता. जन्मभर ज्याच्या गोष्टी सांगितल्या तो ट्रॅक्टर जेसीबीच्या मागे दोराने ओढत दारात येणार, आणि हे उद्यापासून पारावर सांगितलं जाणार. मला त्या हसणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच वाटली.

काय करायला हवं हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. पऱ्हाट्या टाकायला हव्या होत्या. कपाशीच्या वाळक्या काटक्या, जाड थर दिला की पट्ट्याला पकड मिळते आणि रस्ताही वाचतो. पण हल्ली सगळे पऱ्हाट्या मशीनने शेतातच भुगा करून टाकतात. घरापर्यंत पुरतील एवढ्या पऱ्हाट्या सबंध गावात एकाच परसात होत्या, आमच्या मायच्या. घरात गॅस आहे, पण तिची भाकरी चुलीवरच होते आणि त्या चुलीला वर्षभर लागेल एवढी रास ती स्वतः रचते. त्या राशीतली काडी ती शेजारणीला देत नाही. होळीच्या आधी पोरं लाकडं चोरायला निघाली की काठी घेऊन परसात बसते. ती रास मागायची हिंमत गावात कोणाची नव्हती. माझीही नव्हती. त्या ट्रॅक्टरसाठी तर नाहीच. त्यानेच तिचे सगळे उन्हाळे नेले होते.

आणि तेवढ्यात ती आली. गर्दी बाजूला झाली तेव्हा मला आधी डोक्यावरचा भारा दिसला, मग माय. तिने भारा पट्ट्यापुढे टाकला, कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या गावावर ओरडली, "दखी काय राहिनात? परसमा बठ्ठी रास शे, लई या!"

मग काय विचारता. बाया निघाल्या, पोरं निघाली, सरपंचही धोतर सावरत निघाले. चारीच्या बाजूला पट्ट्याखाली माती आणि पऱ्हाट्या कोंबल्या, पुढे हातभर थर घातला. आबांनी खाली सोडलेला पाय पुन्हा वर घेतला. दांडा ओढला. पट्ट्याने पऱ्हाट्या कराकरा चावल्या, ट्रॅक्टरला एकदा हिसका बसला आणि तो सरळ झाला. त्यानंतर तो कुठे अडला नाही. पुढे थर पडत होता, मागे काड्यांचा चुरा होत होता, आणि मायची वर्षाची रास फाट्याकडून घराकडे पसरत चालली होती. ती स्वतः मधोमध पुढे चालत होती, भारे सोडत, आणि दर चार पावलांनी वळून वर बघत होती. रस्त्याकडे नाही, पट्ट्यांकडे नाही. आबांकडे.

मी केलेल्या पिनांपैकी एकही सरकली नाही. एवढं मला इथे लिहायचंच आहे.

दारात पोचलो तेव्हा माय आत जाऊन ताट घेऊन आली. नवी गाडी आली की चाकावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं, ही आमच्याकडची रीत. मी बॉनेटवरची धूळ पदराने पुसून दिली. पण माय ट्रॅक्टरकडे वळलीच नाही. ती सीटच्या बाजूला गेली, टाचा उंचावल्या आणि आबांच्या कपाळाला कुंकू लावायला हात वर केला. पुरेना, म्हणून आबाच खाली वाकले. तिने त्यांना ओवाळलं.

इंजिन अजून चालूच होतं. त्या धडधडीत आबांनी मोठ्याने विचारलं, "दखं का आते?" पाहिलंस का आता?

"दखं," माय म्हणाली. "आते या उन्हाळाले घरच ऱ्हावा."

सबंध खानदेशाला पुरून उरेल एवढं बोलणारे आमचे आबा. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.