काटा ब्याऐंशीवरच, पण टेलरकाकांची वही वेगळंच सांगते

मित्रांनो, आज सकाळी मी जिम कायमची सोडणार होतो.

दिवाळीनंतर सुरू केली, तीन महिने घाम गाळला, तरी वजन ब्याऐंशीच. डोकं फिरलं. काट्याला लाथ घातली. ट्रेनर ओरडला, "का बे, त्यानं काय घोडं मारलंय तुझं?" मी बॅग उचलली आणि निघालो.

खरं सांगतो, हे सगळं कॉलेजमधल्या माझ्या मैत्रिणीसाठी होतं. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हापासून ती बोलत नाही. रविवारी मित्राच्या लग्नात ती येणार आहे.

लग्नासाठी शर्ट शिवायचा होता, म्हणून तणतणतच टेलरकाकांकडं गेलो. म्हटलं, "काका, दिवाळीचंच माप धरा. काय फरक न्हाय."

त्यांनी ऐकलं नाही. टेप लावला, वही बघितली. "पोट दोन इंच गेलंय की रे! छाती इंचभर वाढलीय. जुन्या मापानं शिवला असता तर भर मांडवात मला शिव्या घातल्या असत्यास."

मी परत मोजायला लावलं.

"आता टेप लबाड बोलतो व्हय?"

संध्याकाळी ट्रेनरची माफी मागितली आणि व्यायामाला लागलो. ती रविवारी बोलेल का, माहीत नाही. नाही बोलली तरी सोमवारी सकाळी सहाला मी जिममध्ये असणार. आता हे माझ्यासाठी आहे.

नुसता काटा बघून तुमच्यापैकी कोण कोण घरी बसलंय? खरं सांगा.