देविदास सरांच्या खोलीला कुलूप

माझी जाहीर तक्रार आहे. मेलेल्या माणसाला गॉगल घालू नये.

आज देविदास सरांना जाऊन वर्ष झालं. समाज भवनासमोर त्यांचा फ्लेक्स लागलाय. डिझाइनवाल्यानं सरांना कॉम्प्युटरवर काळा गॉगल चढवलाय. आंधळा माणूस लांबून ओळखू यावा म्हणून!

सरांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि जन्मात त्यांनी गॉगल लावला नाही.

कुणी सुचवलं की म्हणायचे, "काऊन? चोरी केली का म्या, तोंड लपवाले?"

खाली लिहिलंय, 'दिव्यदृष्टीचे महामेरू'.

अस्मादिकांचं शिक्षण संस्कृत पाठशाळेत झालं. मेरू पर्वताला डोळे असल्याचा उल्लेख कुठे सापडला नाही. शोध जारी आहे.

असो. गंमत इथे संपली.

सरांनी आदिलाबादच्या सरकारी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. रिटायर झाल्यावर समाज भवनाच्या मागच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. न दिसणाऱ्यांसाठी. फुकट. तामसीहून, इंद्रवेल्लीकडून पोरं-पोरी, म्हातारे, सगळे बसनं यायचे.

नुसती ब्रेल नाही. गॅस पेटवणं, बस विचारून चढणं, ऑफिसात उलट बोलणं, हे सगळं सिलॅबस.

आणि पहिला धडा ठरलेला.

"कोनी मनगट धरलं का सोडवून घ्याचं. आपन त्याचं कोपर धराचं. तो पुढं, आपन अर्धं पाऊल मागं. ओढत नेतात ते बकरीले. आपन सोबत जातो."

मी तिथे वाचून दाखवायला जायचो. सर मला शास्त्रीबुवा म्हणायचे, आणि त्यात आदर फारसा नसायचा.

"शास्त्रीबुवा, डोळे मिटा अन् सांगा, चहा उकळला का?"

"अजून नाही, सर."

"उतू गेला. पुसा आता."

एकदा एका मुलाच्या दाखल्यासाठी आम्ही कचेरीत गेलो. साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, उद्या या.

सरांनी चाचपडत खुर्ची ओढली आणि बसले. "बसतो इथंच. उद्या झाली का आवाज द्या."

दाखला त्याच दिवशी मिळाला.

या वर्गात तामसीची सुनीता यायची. आली तेव्हा ओढणीआड बोलणारी पोरगी. वर्षभरात एका कंडक्टरनं बसमध्ये चढवायला तिचं मनगट ओढलं, तर सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊ, हात सोड. मी बोचकं नाई."

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी आख्ख्या वर्गाला चहा पाजला. म्हणाले, "माह्या मागं वर्ग हीच घेईन."

सर गेले. तेरावं झालं. आणि समाज भवनाच्या कमिटीनं खोलीला कुलूप ठोकलं.

आत आता लग्नाच्या खुर्च्या आहेत. आणि मांडवाच्या सतरंज्या.

मी म्हटलं, वर्ग माझ्या घरी भरवू. सुनीताच्या बापानं हात जोडले. "शास्त्रीजी, तुमच्यावर भरोसा हाय. पन समाज भवनात पाठवनं अलग, कोनाच्या घरी पाठवनं अलग. लोकं काय म्हनतीन?"

त्याच्यावर रागावता येत नाही. तो तामसीत पोरीचा बाप आहे.

कमिटीवर मात्र येतं. भरपूर येतं.

आज सकाळी पुण्यस्मरणाचा कार्यक्रम झाला. कमिटीचे अध्यक्ष कपड्याचे व्यापारी, सरांचेच विद्यार्थी. घोषणा केली, रस्त्यावर सरांच्या नावाची भव्य कमान उभारणार. टाळ्या.

मी उठलो. "कमान नको. खोली द्या."

"अन् खुर्च्या कुठं ठेवू? तुमच्या घरी?"

"ठेवा. अंगण मोठं आहे."

लोक हसले. अध्यक्षही हसले. "बसा शास्त्रीजी. दिवस काय, तुमी बोलून काय राह्यले!"

मग दीपप्रज्वलन. अध्यक्ष स्टेजवरून खाली आले आणि पहिल्या रांगेतल्या सुनीताचं मनगट धरून तिला वर ओढायला लागले. फोटोसाठी.

सरांच्या तसबिरीसमोर.

मी मनातल्या मनात खूश झालो. म्हटलं, आता ऐका. आता ही पोरगी माइकशिवाय तुमची पूजा बांधते.

वाट पाहिली.

ती काही बोलली नाही.

निमूट मागे मागे गेली. स्टेजच्या पायरीला अडखळली, तर त्यांनी आणखी जोरात ओढलं. दिवा लागला. फोटो चांगला आलाय म्हणे, सगळ्या ग्रुपवर फिरतोय.

जेवणाच्या पंगतीत मी तिच्या शेजारी बसलो. "सुनीता, गप्प का राहिलीस गं?"

तिनं पानातली पुरी चाचपली. "काय बोलू काका? वर्षभर घरात सगळे असेच नेऊन राह्यले. आता हात सोडवाचं ध्यानातच येत नाई."

आणि मला म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय ना?"

घरी आल्यापासून हे लिहितोय. तीनदा खोडलं, कारण अध्यक्षांसाठी सुचलेले शब्द पाठशाळेत शिकवलेले नव्हते.

ज्या माणसानं तुम्हाला शिकवलं, त्याचं काम तुम्ही खुर्च्यांखाली गाडलंत आणि वर त्याच्या नावाची कमान बांधताय. लाज वाटत नसेल तर निदान हार तरी परत न्या.

सर, आज तुमच्या फोटोला नमस्कार केला. श्रद्धांजली मात्र तोंडातून निघाली नाही. ती शांत मनानं द्यायची असते.

भांडायला मी आहे. कुलूप आज ना उद्या निघेल, त्याची मला भीती नाही.

तोवर सुनीता सगळं विसरेल, सर. भीती त्याची वाटते.