मेघालीचे आठ हंगाम

नवापूरच्या खाडीत बोट शिरायच्या आधीच मेघाली पागधरे सांगायची की ती कुणाची आणि तिच्या इंजिनाला काय झालंय. बोट दिसायच्या आत. हातातला पाना खाली ठेवायची, मान जरा तिरकी करायची आणि म्हणायची, "नोझल गेला हाय. धूर काळा असंल बघा." बोट वळणावरून पुढे यायची आणि धूर काळाच असायचा. सुरुवातीला लोक हसले. मग हसायचे थांबले आणि बोट लागली की आधी तिच्याकडे बघू लागले.

हे कान तिला बापाकडून आले. नवशा पागधरे इंजिनवाला म्हणून गावात प्रसिद्ध, पण त्याचे डोळे चाळिशीतच अधू झाले. मग तो किनाऱ्यावर बसून बोलायचा आणि पोरगी हात चालवायची. बायकांनी बोटीत चढू नये असं नवापुरात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण चढतही कुणी नव्हतं. मेघाली चढली. बारावीनंतर पालघरला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकला गेली, तेव्हा वर्गात बत्तीस मुलगे आणि ही एकटी. परत आली ती थेट मच्छीमार संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. पत्र्याची शेड, इंजिन टेकवायचा एक लोखंडी घोडा आणि गंजलेला पंखा. त्याला वर्कशॉप म्हणायलाही मन मोठं लागतं. तिथे तिने आठ वर्षं काढली, लग्न केलं, पोर झाली, आणि पोर झाल्यावर चाळिसाव्या दिवशी ही पुन्हा इंजिनाखाली.

नवरा मिथुन तांडेलच, म्हणजे आडनावानेही आणि धंद्यानेही. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, हे ठरवणारा माणूस. मिथुनने आयुष्यात कॅलेंडर बघितलं नव्हतं. आईच्या उपासांवरून त्याला तिथी कळायची आणि तिथीवरून भरतीची वेळ. झोपेतून उठवून विचारलं तरी पाच-दहा मिनिटांच्या फरकाने सांगेल. पण मासळी घटत गेली, मालकाने एक दिवस बोट विकून टाकली, आणि नवापुरातला सगळ्यात हुशार तांडेल बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला.

चार महिने टिकला. शिफ्टची बस गावात यायची तेव्हा हा घराजवळ न उतरता शेवटच्या थांब्यावर उतरायचा, पाणी कुठवर आलंय ते बघायचा आणि मग चालत घरी यायचा. डबा अर्धा परत यायचा. तक्रार एका शब्दाची नाही. घरी मात्र जेवायला बसताना ताट पश्चिमेच्या दाराकडे सरकवायचा, तिथून झाडांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसते. मेघाली हे सगळं बघत होती. इंजिनाचा आवाज ओळखणाऱ्या बाईला माणसाचा ओळखू येणार नाही का?

ऑस्ट्रेलियाचं डोक्यात आलं ते तिच्याच. आयटीआयमधला एक वर्गमित्र तिकडे गेला होता. त्याने सांगितलं की डिझेल मेकॅनिकला तिथे मागणी आहे आणि बाई असली तर कुणी वळूनही बघत नाही. हे दुसरं वाक्य तिला जास्त आवडलं. मग बोईसरला मोबाईलच्या दुकानाच्या वर दिग्विजय घोरपड्याचं ऑफिस होतं, तिथे ती गेली. दिग्विजयचे वडील कारखान्यात नोकरीला म्हणून साताऱ्याकडून आलेले. हा इथेच वाढला आणि लोकांना परदेशी धाडायचं काम करू लागला. या धंद्यात जितकं सरळ राहता येतं तितका सरळ माणूस. बोलायचा फार, पण खोटे कागद करून द्यायचा नाही.

इंग्रजीची परीक्षा आधी द्यायची होती. मेघालीने बोलायचा सराव कुणाबरोबर केला असेल? इंजिनांबरोबर. संस्थेच्या शेडमधून आवाज यायचा, "गुड मॉर्निंग, व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?" आणि समोर दोन सिलिंडरचं मुकं धूड. खलाशी हसून लोळायचे. पहिल्या खेपेला ती नापास झाली, दुसऱ्या खेपेला लागतात तेवढे गुण आले. हसणाऱ्यांतल्या एकाने पेढे आणले.

मग दिग्विजयने गुणांचा हिशोब मांडला. वय, शिक्षण, भाषा, अनुभव, प्रत्येकाचे गुण. त्यावर एखाद्या राज्याने शिफारस केली की आणखी गुण. इथे दोन वाटा फुटत होत्या.

"बघा ताई," तो म्हणाला, "एक वाट मोठ्या शहरवाल्या राज्याची. ती शिफारस मिळाली की व्हिसा कायमचा. पहिल्या दिवसापासून पक्के. पण तिचे गुण पाचच मिळतात. दुसरी वाट लांबच्या भागाची. शहरांपासून दूर, तिथे माणसं कमी, म्हणून ते पंधरा गुण देतात. पण तो व्हिसा पाच वर्षांचा. त्याच भागात राहायचं, तिथंच काम करायचं, तीन वर्षं नियमाने काढायची, मग कायमचं मागायचं."

"आणि माझं कशात बसतं?"

"दुसऱ्यात. पहिल्यात पाच गुण कमी पडतात."

लांबच्या भागात एक मासेमारीचं बंदर होतं. नाव असं की मिथुनला ते दोनदा सारखं उच्चारता यायचं नाही. मेघालीने घरी येऊन मोबाईलवर ते बंदर शोधलं. बोटी होत्या, धक्का होता, इंजिनं दुरुस्त करायच्या शेड होत्या, त्याही पत्र्याच्याच. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज लाल पेनाने बारीक अक्षरात काही आकडे लिहू लागली. सासू जमुना बोईसरच्या बाजारात मासळी विकायची, तिची नजर तेज. तिने विचारलं, "ह्ये काय लाल लाल लिवतेस?"

"वेळा हायत."

सासूला वाटलं इंजिनाच्या वेळा. तिने पुढे विचारलं नाही.

सगळं असं ठरल्यासारखं झालं असताना दिग्विजयने कामाचे फोटो मागितले. एका संध्याकाळी दोघं नवराबायको मोबाईल घेऊन बसली. मेघाली फोटो काढून दाखवत होती आणि मिथुन नापसंत करत होता.

"हा नको. हा बी नको. बोट किनाऱ्यावर हाय, वर ताडपत्री हाय. ही बंदीतली कामं हायत. ह्यात काय दिसणार?"

मेघालीचा अंगठा थांबला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. किनाऱ्यावर वर्ष मोजायची रीत वेगळी. जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागते, बोटी वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिला की नवं वर्ष सुरू. किती वर्षं काम केलंस असं विचारलं तर माणूस हंगाम सांगतो, आणि हंगाम म्हणजे पौर्णिमा ते मे अखेर. मधल्या महिन्यांत काम नसतं, असं सगळेच धरून चालतात. मेघालीनेही तसंच धरलं होतं. अर्जात तिने आठ हंगाम लिहिले होते, प्रत्येकाची सुरुवात पौर्णिमेची आणि शेवट एकतीस मे. संस्थेने दाखला दिला तोही तसाच. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही, कारण चुकणारे, तपासणारे आणि सही करणारे सगळे एकाच किनाऱ्यावरचे होते.

"मिथुन," ती म्हणाली, "इंजिन खोलतात कधी?"

"बंदीत. दुसऱ्या वेळेला कोण खोलंल?"

एवढं बोलल्यावर त्याच्याही लक्षात आलं. बोट पाण्यात असताना इंजिनाची मलमपट्टी होते. त्याचं पोट उघडून सगळं बाहेर काढायचं, घासायचं, बदलायचं, पुन्हा भरायचं, हे खरं काम जून-जुलैत. मेघाली त्या दिवसांत पहाटे शेडमध्ये जायची ती दिवे लागल्यावर परत यायची, त्याचा पगारही संस्था देत होती, आणि तेच महिने तिने स्वतःच्या हाताने गाळले होते. आठ वर्षांत मिळून पावणेदोन वर्षं! मी तरी असा उमेदवार बघितला नाही, जो आपलं सगळ्यात अवघड काम सुट्टीत धरतो.

संस्थेने नवा दाखला दिला. प्रत्येक बंदीत कोणकोणत्या बोटींची इंजिनं उघडली त्यांची नावं त्यात होती. दिग्विजयने सवासहा वर्षांची आठ वर्षं केली आणि खुर्चीतून उठलाच. "ताई, पाच गुण वाढले! आता मोठ्या राज्याचं बसतं. कायमचा! पण अर्जात नाव एकाच राज्याचं द्या. दोन्हीकडे डोळा ठेवणारी माणसं त्यांना आवडत नाहीत."

आता खरी पंचाईत झाली. आतापर्यंत मिळेल ती वाट होती, आता निवड होती. घरात आठवडाभर हाच विषय. जमुनाबाईचं मत स्वच्छ होतं, "कायमचा सोडून पाच वर्षाचा कोण घेतो? काय झालं उद्या तर पोरीला घेऊन परत येशील का?" पोर म्हणजे स्वरा, सात वर्षांची, दुसरीतली. भीती खरी होती. तीन वर्षांत काम सुटलं, नियम बदलला, आजारपण आलं, तर सगळंच हातचं जायचं. मिथुनही आईच्याच बाजूने. "शहरच घे. माजी काळजी नको करूस. मी टॅक्सी चालवीन, गोदामात उभा राहीन. त्यात काय?"

हे 'त्यात काय' त्याने ताट पश्चिमेकडे सरकवत म्हटलं.

मेघाली ऐकत राहिली. वाद घातला नाही, रडली नाही, उपास धरले नाहीत. कामावर गेली, आली, भाकऱ्या केल्या. आठव्या दिवशी दोघं दिग्विजयकडे गेली आणि तिने बसायच्या आधीच सांगितलं, "बंदराचं भरा."

दिग्विजयने डोक्याला हात लावला. पुन्हा सगळं समजावलं, कागदावर काढून दाखवलं. मग म्हणाला, "बरं. तिथंच का राहायचंय ते लिहून द्यावं लागतं. सांगा, मी इंग्रजी करतो."

तिने पिशवीतून वहीचं पान काढलं. दिग्विजय मोठ्याने वाचू लागला. "मी बोटीची इंजिनं दुरुस्त करते. तुमच्याकडे बोटी आहेत आणि मेकॅनिक कमी आहेत. माझा नवरा तांडेल आहे. तो कुठेही काम करील, तक्रार करणार नाही. पण समुद्र नसला की तो अर्धंच जेवतो." दिग्विजय थांबला. "ताई, हे शेवटचं सरकारी अर्जात कसं घालू?"

"बाकीचं पाहिजे तसं लिवा," ती म्हणाली. "तेवढं काडू नका."

मिथुन उठून बाहेर गेला. रिक्षात बसल्यावर तो तडकला. नवऱ्याची लाज काढलीस, म्हणाला. मी भित्रा वाटलो का तुला, म्हणाला. माझ्यापायी पोरीचं कायमचं घालवलंस. मेघाली रस्त्याकडे बघत बसली. तिला राग आला होता की नाही, मला सांगता येणार नाही. तिचे हात मात्र मांडीवर शांत होते, इंजिन बंद करून निघताना असतात तसे.

घरी आल्यावर, अर्ज पाठवायच्या शेवटच्या तारखेला खूण करून ठेवा असं दिग्विजयने बजावलं होतं म्हणून मिथुन कॅलेंडरपाशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा. पेन टेकवायला जागा शोधताना त्याला लाल आकडे दिसले. दिवसाला चार वेळा. कालच्याहून आजच्या पाऊण-एक तासाने पुढे, उद्याच्या आणखी पुढे. असे सरकणारे आकडे जगात एकाच गोष्टीचे असतात, आणि ती गोष्ट मिथुनला कुणी शिकवायला नको.

"ही आपली भरती नाय," तो हळूच म्हणाला. "आपली आज साडेतीनला."

मेघाली भाकरी थापत होती. "तिकडची हाय."

त्याने पान मागे उलटलं. लाल. त्याच्या मागचं. लाल. पाच गुण वाढले तो दिवस, घरात आवाज चढले तो आठवडा, आई रुसून जेवली नाही तो सोमवार. सगळीकडे बारीक, नीट, चार-चार वेळा. एक दिवसही गाळलेला नव्हता. तो ज्या आठवड्यात टॅक्सीच्या गोष्टी करत होता, त्या आठवड्यात ही त्याच्यासाठी त्या परक्या बंदराचं पाणी मोजत होती. निवड सगळ्यांना आता कळली, तिची केव्हाच झाली होती.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू नको म्हनला असतास."

त्याने पान पुन्हा पुढे आणलं. मग शेवटच्या तारखेला खूण केली, घड्याळ बघितलं, मनाशी काही तास पुढे मोजले आणि म्हणाला, "आता तिथं ओहोटी लागली असंल."

मेघालीने ताटं वाढली. त्याचं ताट तिने नेहमीसारखं पश्चिमेच्या दाराकडे ठेवलं होतं. मिथुनने ते उचललं, चुलीच्या बाजूला आणलं आणि दाराकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून जेवायला बसला. त्या दिवशी त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या.