ओडमवरची खडूची रेघ

मध्यभारत राज्य विसर्जित झाल्यावर पंधरवड्याने कालिकतहून लखदीव बेटांकडे निघालेल्या एका ओडमवर (शिडाचे गलबत) खडूची रेघ आखण्यात आली. आखणारे बापूसाहेब. उज्जैनला, माधव नगरात, ते माझे शेजारी. भूमापन खात्यातले अधिकारी. खाते नव्या राज्यात कुठे जाणार हे ठरेपर्यंत रजेवर होते. खडू खिशातच असे.

रेघ नाळेपासून सुकाणूपर्यंत होती. डावीकडे आम्ही तिघे, दशम्या आणि कारल्याच्या काचऱ्यांचा डबा. कारले हा बापूसाहेबांचा जीव की प्राण. उजवीकडे वाळूच्या पेटीतली चूल आणि मासळी. बापूसाहेबांच्या घराण्याने सरकारी चाकरीसाठी कारवार सोडून क्षिप्राकाठ धरला, तेव्हाच मासे सोडले होते. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, मात्र ते लग्नात सोडले, म्हणजे त्यांना चव ठाऊक होती. गलबतावर चढताना त्यांनी मला हळूच विचारले, मासळी ताजी असते ना?

दुसऱ्या दिवशी गळाला चूरा (कुपा) लागला. खलाशांनी तो तिथेच कापला, हळद-मीठ लावले, नारळाचे दूध काढले. वहिनी डावीकडून पाहत होत्या. चिंच फार लवकर पडतेय, असे त्या स्वतःशीच म्हणाल्या.

इतक्यात वारा फिरला. तांडेलाने शीड वळवले, गलबत डावीकडे कलले. तांडेल मुंबईच्या गोदीत काम केलेला. तो ओरडला, "सब लोग उधर, चूल्हे के पास!"

आम्ही रेघ ओलांडली. बापूसाहेब डोलकाठीला धरून रेघेवरच उभे राहिले. एक लाट आत आली आणि काचऱ्यांचा डबा भिजवून गेली.

वारा निवल्यावर तांडेलाने परत बसायला सांगितले. वहिनी उठल्या नाहीत. एव्हाना पळी त्यांच्या हातात होती.

"अगं, इकडे ये. रेघ दिसत नाही का?"

"दिसते ना. पण हवा पुन्हा फिरली तर? बार-बार कोण उठेल?"

त्या जेवल्या. काटे कसे काढायचे हे त्या विसरल्या नव्हत्या.

बेटावर पाणी पोपटी, वाळू पिठासारखी. करवंट्यांच्या निखाऱ्यावर मासे भाजले जात. वहिनी रोज तिथे असत. बापूसाहेबांनी शहाळ्यांवर दिवस काढले आणि वाळूत निरनिराळ्या रेघा आखून पाहिल्या. भरतीने त्या पुसल्या.

उज्जैनला परतताच त्यांनी वहिनींना राम घाटावर नेले. घाटावरचा रिवाज असा की पाण्यात उभे राहून खाण्यातली एक वस्तू कायमची सोडायची. ती मग आपल्या हाताने चिरायची किंवा शिजवायचीही नाही. उत्तर काय येणार, याची बापूसाहेबांना खात्री होती. पंडाजींना त्यांनी दक्षिणाही आधीच दिली होती.

पंडाजींनी विचारले, "बोलो माताजी, क्या छोड़ती हो?"

वहिनींनी ओंजळ पुढे केली.

"करेला."

पंडाजींनी पाणी सोडले. बापूसाहेब काही बोलायच्या आत संकल्प पुरा झाला होता.

माधव नगरातल्या त्या घरी त्यानंतर कारले शिजल्याचे वृत्त नाही.