आक्काची जांभई

आमची आक्का भर रस्त्यात कुत्र्यासमोर उभी राहून जांभई द्यायची. लोक बघायचे. लाज मला वाटायची, तिला नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तिचा नवरा गेल्यावर ती उरणचं घर बंद करून द्रोणागिरीला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि आल्या दिवसापासून मला शिकवू लागली. भात वेळून पेज कशी काढायची, पदर कसा खोचायचा, सगळंच.

मला कुत्र्यांची भीती. लहानपणी एकाने पोटरी फोडली होती. इथे गेटवरच चार-पाच बसलेली असायची. मुलगा म्हणाला, "आई, तू खाली उतरूच नको. मासळी मोबाइलवरून मागवू." म्हणजे मरेपर्यंत मी गॅलरीत बसायचं. ते नको होतं, म्हणून आक्काचं ऐकलं. नाहीतर तिचं ऐकणारी मी नव्हे.

गावात कुत्रं दिसलं की आम्ही वाकून दगड उचलल्याचं सोंग करायचो, ते पळायचं. इथे मी वाकले की सगळी मिळून अंगावर यायची. आक्का तिथेच, वॉचमनदेखत मला झापायची, "अगो, भांडन तूच काढतेस, न बोंबलतेस पन तूच."

तिचं म्हणणं, हलणारी शेपूट बघून हुरळायचं नाही. ताठ उभी शेपूट हलली तर थांबायचं. डोळ्यांत बघायचं नाही, अंग जरा तिरपं वळवायचं, पळायचं तर नाहीच. आणि जांभई. "जांभई देनारा मारायला येत नाय, येवढं कुत्र्याला पन कळतं."

हेच ती माणसांनाही लावायची. सून चिडली की माझ्या कानात, "हिचे कान मागं गेले, गप बस." सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी तावातावाने बोलत होते, तर ही मोठ्याने म्हणाली, "हा घाबरलाय, म्हनून भुकतो." वर त्यांच्याकडे बघून जांभई दिली. मी मान वर केली नाही.

दिवाळीच्या आधी आक्का तापाने गेली. तेरावं झाल्यावर मी एकटीच मासळीला निघाले. मुलगा सोबत येत होता, त्याला घरी बसवलं.

परतताना बोंबलाच्या पिशवीसमोर तांबडं कुत्रं येऊन उभं राहिलं. शेपूट ताठ. माझा हात दगडासाठी खाली गेला, तो तसाच वर घेतला. तिरपी उभी राहिले आणि भर रस्त्यात तोंड उघडून जांभई दिली.

कुत्र्याची शेपूट सैल पडली. रस्ता हुंगत ते बाजूला गेलं.

आक्का असती तर म्हणाली असती, जांभई अर्धवट दिलीस.